मुलीला स्वच्छ दिसतं, मला धूसर: व्हीआर हेडसेटचं नेमकं काय बिघडलंय?

वाचकाचं पत्र:

"मी ५४ वर्षांचा, नाशिकला राहतो. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून गड चढणं बंद झालंय. अमेरिकेतला भाचा दिवाळीला आला होता, तो जाताना स्वतःचा जुना क्वेस्ट २ हा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा, भोवतालचं दृश्य दाखवणारा पडदा) मला देऊन गेला, म्हणाला, मामा, घरबसल्या डोंगर बघा. पण मला सगळंच धूसर दिसतं. मधे एखादा शब्द क्षणभर स्पष्ट होतो, की पुन्हा विरघळतो. डावा डोळा तर जास्तच मंद वाटतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांचा उजेड पसरतो. गडांचे ३६० अंशांचे व्हिडिओ लावले तर सगळीकडे धुकं. वीसेक मिनिटांत भुवयांच्या वर ठणकायला लागतं. गंमत म्हणजे कॉलेजला जाणारी माझी मुलगी तोच हेडसेट घालते आणि म्हणते, 'बाबा, मस्त दिसतंय की!' मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, दूरचा नंबर उणे दीड, वाचायचा दोन. चष्म्याच्या कागदावर पीडी ६७ असं लिहिलंय, आणि हेडसेटच्या दोन भिंगांच्या मधे १ हा आकडा दिसतो. यांचा काही संबंध आहे का? यंत्र भाच्याला परत पाठवू का? याने नंबर वाढेल का? की सरळ नवीन घेऊ?"

नमस्कार,

हेडसेट परत पाठवू नका, निदान इतक्यात तरी नाही. जो हेडसेट मुलीला स्वच्छ दिसतो त्याची भिंगं आणि पडदा बहुधा ठणठणीत आहेत. जमत नाहीये ते एवढंच, की तुमचे डोळे, तुमचा चष्मा आणि हेडसेटची भिंगं एका रेषेत येत नाहीत. तुमच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा आज संध्याकाळी घरीच मिटतील. एक चष्म्याच्या दुकानात मिटेल. गडांच्या व्हिडिओतलं धुकं मात्र या हेडसेटात पुरतं जाणार नाही, त्याबाबत तुम्हाला उगाच आशेवर ठेवत नाही.

आधी तो १ आणि ते ६७. संबंध आहे, आणि चांगलाच घट्ट आहे. पीडी म्हणजे तुमच्या दोन बाहुल्यांच्या मध्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३च्या आसपास असतं, पण माणसागणिक बरंच बदलतं. क्वेस्ट २ची भिंगं तीनच जागांवर बसतात: १ म्हणजे ५८ मिलिमीटर, २ म्हणजे ६३ आणि ३ म्हणजे ६८. हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीचाच हिशेब असा, की ६१पर्यंतच्यांनी १वर ठेवावं, ६१ ते ६६वाल्यांनी २वर, आणि त्याहून रुंद असलेल्यांनी ३वर. तुमच्या मुलीने आपल्या सोयीने १ केलेलं दिसतं, आणि तुम्ही तसाच उचलून डोळ्यांवर चढवलात. ५८ आणि ६७ यांत नऊ मिलिमीटरचा फरक. म्हणजे तुमचा प्रत्येक डोळा भिंगाच्या मध्यापासून साडेचार मिलिमीटर बाहेर, कडेकडून बघतोय. अशा स्थितीत मधला एखादा शब्द क्षणभर तरी स्पष्ट दिसतो, हीच कमाल म्हणायची.

तेव्हा भिंगं ३वर न्या. हे करताना काचेला बोट लावू नका. भिंगांच्या भोवतीची प्लॅस्टिकची कड दोन्ही हातांनी धरून हलकेच बाहेर सरकवा, दोन्ही भिंगं बरोबरच सरकतात आणि जागेवर बसल्याचं हाताला कळतं. क्वेस्ट २मध्ये दोन्ही डोळ्यांना मिळून एकच पडदा आहे, त्यामुळे ३वर गेल्यावर बाहेरच्या कडांना दृश्य किंचित कापल्यासारखं वाटेल. ते सोसा. कडेची बोटभर जागा गेली तरी चालेल, मधलं चित्र मिळतंय ते महत्त्वाचं. आणि घरात दोघं वापरणार असाल तर प्रत्येकाने घालण्याआधी आकडा बघायचा, ही सवय लावून घ्या. स्कूटरवर बसणाऱ्याने आरसा फिरवून घ्यावा, तितकंच ते साधं आहे.

ज्यांच्या कागदावर पीडी लिहिलेला नाही त्यांनी चष्म्याच्या दुकानात जाऊन मोजून घ्यावा. मिनिटाभराचं काम आहे. घरी करायचं तर आरशापासून वीतभर लांब उभं राहून मिलिमीटरची पट्टी भुवयांवर आडवी धरायची. उजवा डोळा मिटून पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणायचा. मग पट्टी आणि डोकं न हलवता डावा मिटून उजवा उघडायचा, आणि उजव्या बाहुलीसमोर येईल तो आकडा वाचायचा. दोन-तीनदा करून बघा, हात थोडा हलतोच. दूरचा आणि जवळचा असे दोन पीडी लिहिले असतील तर दूरचा धरा.

आता हेडसेट डोक्यावर बसतो कसा, ते बघू. माझ्या मते निम्म्याहून जास्त धूसरपणा इथेच असतो आणि लोक उगाच सेटिंगमध्ये शोधत बसतात.

क्वेस्ट २ची भिंगं फ्रेनेल जातीची आहेत. हेडसेट घरातल्या दिव्याखाली जरा तिरपा धरलात तर भिंगावर कांद्याच्या चकतीवर असतात तशी एकात एक वर्तुळं दिसतील. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२०च्या दशकात ही युक्ती दीपगृहांसाठी वापरात आणली. जाड भिंगाच्या पोटातली बिनकामाची काच काढून टाकायची आणि कामाचा वक्र पृष्ठभाग तेवढा वर्तुळाकार पट्ट्यांमध्ये ठेवायचा, म्हणजे भिंग पातळ आणि हलकं होतं. पाचशे ग्रॅमचं यंत्र तोंडावर बांधायचं असेल तर हे वजन वाचवणं भागच आहे. पण या भिंगातून धारदार दिसतं ते मधल्या छोट्याशा जागेत. डोळा तिथून जरा वर किंवा खाली गेला की अक्षरांच्या कडा मऊ होतात आणि निळ्या-तांबड्या रंगांची झालर सुटते. आडवं जुळवायला तुमच्याकडे १-२-३ आहेत. उभं जुळवायला मात्र कुठलंही बटण नाही. ते काम पट्ट्यानेच करायचं.

पट्टे सैल करा. हेडसेट आधी डोळ्यांवर टेकवा, मग मागचा पट्टा ओढून घ्या. मागे जिथे पट्ट्याला दोन फाटे फुटतात तो भाग डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली, मानेच्या वरच्या खोलगटीत बसला पाहिजे. बहुतेक जण तो उंचवट्यावरच ठेवतात. मग दर पाच मिनिटांनी हेडसेट पुढून खाली घसरतो, आणि घसरू नये म्हणून माणूस बाजूचे पट्टे करकचून आवळतो. तुमचं भुवयांवरचं ठणकणं निदान अर्धं तरी याचंच असावं. वजन डोक्यावरून जाणाऱ्या वरच्या पट्ट्याने पेलायचं असतं, तोच आधी जुळवून घ्या. बाजूच्या पट्ट्यांचं काम फक्त हेडसेट हलू न देण्याचं.

एवढं झालं की मेनूतल्या बारीक अक्षरांची एखादी ओळ समोर धरा. दोन्ही हातांनी हेडसेट गालांवरून अगदी सावकाश वर न्या, मग खाली आणा. एका ठिकाणी अक्षरं अचानक टोकदार होतात. तिथे थांबा. आता हात न सोडता हेडसेटचा खालचा भाग चेहऱ्याकडे किंचित दाबून बघा, मग वरचा. कुठला तरी कोन आणखी बरा वाटेल. त्याच स्थितीत वरचा पट्टा चिकटवा. एकदा ही जागा सापडली की पुढच्या वेळी हात आपोआप तिथे जातात.

डाव्या डोळ्याचं मात्र वेगळं बघायला हवं. भिंगं ३वर नेऊन आणि हेडसेट नीट बसवूनही तो मंदच वाटला तर एक सोपी परीक्षा करा. पट्टे सोडवा, हेडसेट उलटा करा, म्हणजे वरची बाजू खाली, आणि नुसता हातांनी डोळ्यांसमोर धरा. आता तुमच्या डाव्या डोळ्यासमोर उजवं भिंग आलं. दोन भिंगांच्या मधे जरा वरच्या बाजूला एक छोटा सेन्सर असतो. त्याला चेहरा जवळ वाटला नाही तर पडदा बंद होतो, म्हणून त्यावर अंगठा ठेवावा लागेल. चित्र विचित्र दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका, फक्त अक्षरांची धार बघा. मंदपणा आता उजव्या डोळ्याकडे गेला, तर दोष भिंगात किंवा पडद्यात आहे. डाव्याकडेच राहिला, तर तो तुमच्या डोळ्याचा किंवा चष्म्याचा आहे.

डाव्याकडेच राहिला तरी लगेच घाबरू नका. पुष्कळांची बाहुली नाकापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर नसते. एकूण ६७ असले तरी उजवीकडे ३२ आणि डावीकडे ३५ असू शकतात. तसं असेल तर हेडसेट कणभर डावीकडे सरकवून बसवला की फरक पडतो. त्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसली की लागणारा) असला आणि जुना चष्मा त्याला पुरा पडत नसला, तरीही असंच होतं. पण हेडसेटविना, नेहमीचा चष्मा लावून, एक डोळा मिटून कॅलेंडर वाचून बघा. तिथेही डावा मंद वाटला, तर हेडसेट बाजूला ठेवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पन्नाशीनंतर ही तपासणी लांबणीवर टाकायची नसते.

चष्म्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या बाबतीत खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. हेडसेटमधलं सगळं, मग तो हाताजवळचा मेनू असो की क्षितिजावरचा सुळका, तुमच्या डोळ्याला एकाच ठरावीक अंतरावरून येतं. ते अंतर साधारण एक ते दोन मीटर. पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असला तरी भिंगं त्याचं चित्र तितकं लांब नेऊन ठेवतात. म्हणून इथे वाचायच्या नंबराचं काहीच काम नाही. ते नुसतं निरुपयोगी असतं तरी चाललं असतं, पण ते नडतं. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग दूरचा, खालचा वाचायचा, मधे अरुंद बोळ, आणि त्या बोळाच्या दोन्ही बाजूंना काच मुळातच धूसर. खालच्या भागातून तुम्हाला अर्ध्या मीटरपर्यंतचंच नीट दिसतं. हेडसेटमधला मेनू बहुधा नजरेच्या खालच्या बाजूला येतो. तो वाचायला तुम्ही सवयीने नजर खाली टाकता, चष्म्याचा वाचायचा भाग पुढे येतो आणि अक्षरं विरघळतात. वर बघितलं की परत येतात. "क्षणभर स्पष्ट होतो, की पुन्हा विरघळतो" असं जे तुम्ही लिहिलंय, ते निम्मं याचंच वर्णन आहे.

उपाय स्वस्त आहे. फक्त दूरच्या नंबराचा, साधा, एकाच नंबराचा चष्मा वापरा. चाळिशी लागायच्या आधीचा एखादा कपाटात पडून असेल आणि नंबर फारसा बदलला नसेल तर तोच चालेल. नसेल तर लहान फ्रेमचा एक करून घ्या. क्वेस्ट २मध्ये १४२ मिलिमीटरपर्यंत रुंद आणि ५० मिलिमीटरपर्यंत उंच फ्रेम बसते, पट्टी घेऊनच दुकानात जा. चष्मा अजिबात न लावता बघितलंत तर उणे दीड नंबराला डोंगर कामचलाऊ दिसतील, अक्षरं नाहीत.

चष्मा लावून हेडसेट घालताना त्याच्याबरोबर आलेली प्लॅस्टिकची चौकट, चष्म्यासाठीचा स्पेसर, बसवली आहे ना ते आधी तपासा. भाच्याने काढून ठेवली असेल तर मागवून घ्या. ती नसली की चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासते. हेडसेटचं भिंग प्लॅस्टिकचं असतं, त्यावर पडलेला ओरखडा कायमचा.

याच्या जोडीने एक सवय बदला. खाली किंवा कडेला काही बघायचं असेल तेव्हा डोळे फिरवू नका, मान फिरवा. एरवी आपण उलट करतो, आधी डोळे जातात आणि मागून मान. या भिंगांत धार मध्यातच आहे, तेव्हा जे बघायचं ते मध्यात आणायचं. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, मग जमतं.

पांढऱ्या अक्षरांचा उजेड पसरतो, ती तुमची चूक नाही आणि बिघाडही नाही. फ्रेनेल भिंगाच्या त्या वर्तुळांच्या कडांवर उजेड विखुरतो. काळ्यावर पांढरं आलं की ते सगळ्यांना दिसतं. मुलीलाही दिसत असणार, तिचं तिकडे लक्ष नसेल. भिंग तेलकट असेल तर मात्र ते दुपटीने वाढतं. पापण्या भिंगाला लागतात, आणि पापण्यांवर काजळ, क्रीम, डोक्याचं उतरलेलं खोबरेल असं काय काय असतं. कोरड्या मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून बाहेर गोल गोल पुसा. पाणी नको, सॅनिटायझर नको, काच पुसायचा फवारा तर नकोच. सदऱ्याचं टोकही नको. पावसाळ्यात भिंगावर वाफ धरत असेल तर हेडसेट चालू करून पाचेक मिनिटं तसाच ठेवा आणि तो जरा कोमट झाला की घाला.

आणि ऊन! भिंगांची बाजू कधीही उन्हाकडे करून ठेवू नका, खिडकीतल्या टेबलावरसुद्धा नाही. लहानपणी भिंगाने कागद जाळलात ना, इथे कागदाच्या जागी पडदा आहे. थोडक्या वेळात त्यावर कायमचा डाग पडतो आणि दुरुस्तीला मार्ग राहत नाही. पुढेमागे तुम्हाला दृश्यात एकाच जागी पिवळट ठिपका दिसायला लागला, डोकं कसंही फिरवलं तरी तो तिथेच राहिला, तर तो पुसून जाणार नाही हे समजून घ्या.

आता गड. इथे थोडं गणित आहे. नेहमीचा ४के व्हिडिओ आडवा ३८४० ठिपक्यांचा. टीव्हीवर ते सगळे ठिपके समोरच्या एका चौकटीत असतात, म्हणून चित्र कोरीव दिसतं. ३६० अंशांच्या व्हिडिओत तेच ३८४० ठिपके तुमच्या भोवती पूर्ण वर्तुळात पसरतात. ३८४० भागिले ३६०, म्हणजे अंशाला जेमतेम अकरा ठिपके. क्वेस्ट २चा पडदा अंशाला साधारण वीस ठिपके दाखवू शकतो, आणि चांगला डोळा साठपर्यंत ओळखतो. म्हणजे व्हिडिओ पडद्याच्या निम्मा आणि पडदा डोळ्याच्या एक तृतीयांश. भिंगं कितीही नेमकी जुळवा, कोकणकड्याची धार तिथे मुळात टिपलेलीच नाही. ८के, म्हणजे आडवे दुप्पट ठिपके, असा पर्याय असेल तो घ्या आणि व्हिडिओ लावल्यावर दर्जाचा आकडा स्वतः तपासून बघा, कारण इंटरनेट मंद असलं की तो गुपचूप खाली येतो. हेडसेट राउटरच्या खोलीत वापरा. शक्य असेल तर व्हिडिओ आधी उतरवून घ्या. आणखी एक, १८० अंशांचे व्हिडिओ शोधा. त्यात तेवढेच ठिपके निम्म्या वर्तुळात बसतात, पाठीमागचं दिसत नाही, पण समोरचा कातळ कातळासारखा दिसतो. माझं विचाराल तर गड बघायला तेच बरे, पाठीमागे बहुतेक वेळा कॅमेरावाल्याचे सोबतीच उभे असतात.

नंबर वाढण्याची धास्ती सोडा. तुमच्या वयात हेडसेटमुळे नंबर वाढतो असं मानायला आधार नाही. डोळे थकतात हे मात्र खरं. समोर एखादी वस्तू हाताच्या अंतरावर दिसली की दोन्ही डोळे ती बघायला आत वळतात, पण नजर जुळवायची असते ती त्या ठरावीक एक-दोन मीटरवर. खऱ्या जगात ही दोन्ही कामं बरोबर चालतात, इथे फारकत होते आणि डोकं चढतं. म्हणून मेनूची खिडकी धरून जरा लांब सरकवा, जवळून अंगावर येणारे खेळ सुरुवातीला टाळा आणि पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटांवर थांबा. ठणका लागेपर्यंत बसायचंच नाही.

राहिला प्रश्न नवीन घेण्याचा. वर सांगितलेलं सगळं करून महिनाभर वापरा, मग ठरवा. घ्यायचाच झाला तर एक गोष्ट नीट बघा. २०२३चा क्वेस्ट ३ आणि २०२४चा क्वेस्ट ३एस ही नावं सारखी असली तरी भिंगं सारखी नाहीत. क्वेस्ट ३मध्ये पॅनकेक नावाची वेगळ्या जातीची भिंगं आहेत. त्यांत चित्र कडेपर्यंत बरंच स्वच्छ राहतं, पांढऱ्या अक्षरांचा उजेड कमी पसरतो, डोळ्यांचं अंतर चाकाने हवं तसं जुळवता येतं आणि चष्म्यासाठी चेहऱ्याकडचा भाग पुढेमागे करता येतो. ३एस नंतर आला आणि स्वस्त आहे, पण त्यात भिंगं फ्रेनेलच, पडद्यावरचे ठिपके तुमच्या क्वेस्ट २इतकेच आणि अंतराच्या जागाही त्याच तीन. त्याचा आतला प्रोसेसर वेगवान आहे, खेळणाऱ्याला त्याचं मोल असेल. तुम्हाला डोंगर बघायचेत. तुमच्या तक्रारीसाठी ३एस घेणं म्हणजे पैसे देऊन तीच तक्रार पुन्हा विकत घेणं.

त्याआधी भाच्याला एक छोटं काम सांगता येईल. हेडसेटच्या भिंगांवर बसवायच्या नंबरी काचा मिळतात, चष्म्याऐवजी त्याच वापरायच्या. मुलगी घालणार असेल तेव्हा काढून ठेवता येतील अशा मागवायच्या. त्याला दोन्ही डोळ्यांचा नंबर, सिलिंडर असेल तर तो अंशासकट, आणि पीडी ६७ असं कळवा. मात्र डोळे तपासून नवा कागद हातात आल्यावरच कळवा. प्रोग्रेसिव्ह नको, फक्त दूरचा नंबर, हे त्याला दोनदा लिहा.